तबल्याचा हात टाक्यांना उपयोगी पडतो का?

चाट_आणि_लव

नमस्कार. मी सोलापूरचाच, बाळीवेशीत वाढलेला. यंदा एमएस जनरल सर्जरीला लागलोय, पहिलं वर्ष. चौथीत असताना आईने तबल्याच्या क्लासला घातलं आणि बारावीचा काळ सोडला तर हात कधी थांबला नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत विशारद झालो. श्रावणात घराजवळच्या भजनी मंडळाला अजूनही साथ करतो, ड्युटी नसेल तेव्हा.

परवा रात्री वॉर्डात जरा शांतता होती म्हणून कॉटच्या लोखंडी दांडीला सिल्कचा धागा अडकवून एका हाताने गाठ मारायचा सराव करत होतो. सिनियर मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "काही वाजवतोस का रे? तुझा डावा हात उजव्याची वाट बघत थांबत नाही." तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये. तबल्याने खरंच हात तयार होतो, की हे नुसतं कौतुक?

कारण उलट अनुभवही आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या (लॅपरोस्कोपी) सरावाची पेटी आहे आमच्याकडे. त्यात चिमट्याने रबरी कड्या एका खुंटीवरून उचलून दुसऱ्या हातात द्यायच्या आणि पलीकडच्या खुंटीवर ठेवायच्या, हे मला लवकर जमलं. पण पेटीच्या आतच गाठ मारायची वेळ आली की सगळं बिनसतं. सुई फिरते, धाग्याची शेपटी निसटते, मनगट आखडतं. तिथे तबला कुठे जातो?

आणखी एक. वडील म्हणतात, आता ते पुरे कर, झोप घे. रागाने नाही म्हणत, माझे डोळे बघून म्हणतात. पण थोडा वेळ का होईना तबल्यावर बसलो नाही तर मला दिवस अर्धवट वाटतो. ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी लिहावं, ही विनंती.

ऑर्थो_विजापूररोड

अभिनंदन डॉक्टर. मॅडमनी बघितलं ते खरंच असणार, पण त्याचं श्रेय लगेच तबल्याला देऊ नका.

वाद्य वाजवणारे आणि न वाजवणारे विद्यार्थी सरावाच्या पेटीवर बसवून तुलना करणारे अभ्यास झालेत. गट लहान, आणि निकालही एका दिशेचे नाहीत. काहींत वाजवणारे सरस ठरले, काहींत फरकच दिसला नाही. अशाच धर्तीचा २००७ साली अमेरिकेत झालेला एक अभ्यास गाजला होता, तो व्हिडिओ गेमवर. ३३ सर्जन होते. पूर्वी आठवड्याला ३ तासांपेक्षा जास्त गेम खेळलेल्यांच्या चुका दुर्बिणीच्या सरावात ३७ टक्क्यांनी कमी आणि वेग २७ टक्क्यांनी जास्त निघाला. म्हणून कुणी आपल्या मुलाला सर्जन करायला गेम खेळायला बसवत नाही. ज्याचा हात मुळातच चांगला, तोच तबल्यात टिकतो आणि पुढे तोच सर्जरी घेतो, असंही असू शकतं. आधी कोंबडी की आधी अंडं, हे अशा तुलनेतून कळत नाही.

आणि आपल्या गावात बोटांच्या कसबासाठी संगीतापर्यंत जायलाच नको. पूर्व भागात बिडी वळणाऱ्या बायका बघा. तेंदूचं पान कापून, तंबाखू भरून, वळून, दोरा गुंडाळून टोक दुमडायचं, आणि हे दिवसाला हजाराच्या घरात. डोळे दारातल्या नातवावर, बोटं आपलं काम करतायत. यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणाऱ्या कामगाराच्या गाठीसमोर आपल्या पहिल्या वर्षाच्या गाठी काहीच नाहीत.

एक मात्र मी मनापासून मानतो : कान. हाडाला ड्रिल करताना पलीकडचं कठीण कवच आलं की आवाज बदलतो, आणि ते पार झालं की पुन्हा बदलतो. तिथेच थांबायचं असतं, नाहीतर पलीकडच्या शिरेत घुसाल. खुब्याच्या सांध्यात दांडा ठोकून बसवतानाही हातोडीचा आवाज चढत जातो आणि दांडा पक्का बसला की एका जागी स्थिरावतो. हे मुलांना शब्दांत सांगता येत नाही. ज्याला सूर कळतो त्याला एकदा ऐकवलं की पुरतं.

पेटीवाले_डॉक्टर

चाट_आणि_लव, तुला अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. आयुष्यभर सोलापुरात पोटाची ऑपरेशनं केली, आता नव्या मुलांना हात शिकवतो. लहानपणापासून पेटी वाजवतो. तुझा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

ऑर्थोवाल्या डॉक्टरांशी मी सहमत आहे. चपळ बोटं ही काही संगीताची मक्तेदारी नाही. पण सगळी चर्चा बोटांवर होते आणि खरा फायदा बाजूला राहतो. वाद्य शिकलेला मुलगा माझ्याकडे येतो तेव्हा त्याच्याजवळ एक गोष्ट आधीच असते, जी बाकीच्यांना मला पुन्हा पुन्हा सांगावी लागते. त्याला सावकाश करायची लाज वाटत नाही.

'धा धा तिट धा धा तूना' हा कायदा, म्हणजे तबल्यातली बांधीव बोलरचना, तुझ्या हातात पहिल्यांदा कसा बसला ते आठव. गुरुजींनी आधी हाताने टाळी देत तोंडाने म्हणायला लावला असेल. मग एकपटीत, ठाय म्हणजे संथ लयीत हातावर. 'तिट' अडला की तेवढाच 'तिट', दोन बोटांचा आवाज सारखा येईपर्यंत. तू दुगुनीला, म्हणजे दुप्पट वेगाला, हात घातलास की त्यांनी थांबवलं असेल. आता तुझ्या बरोबरीची मुलं गाठ कशी शिकतात ते बघ. कुणा सराईत हाताचा व्हिडिओ बघतात आणि पहिल्याच दिवशी तो वेग पकडायला जातात. गाठ पडल्यासारखी दिसते, पण दुसरा फेर उलट दिशेने पडायचा तो त्याच दिशेने पडलेला असतो. अशी गाठ ओढली की सरकते. हे वेगात शंभरदा केलं तर चुकीचीच गाठ पाठ होते, आणि पाठ झालेली चूक मोडायला दुप्पट वेळ जातो.

अँडर्स एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९९३ साली बर्लिनच्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास मांडला. जे सर्वांत सरस होते त्यांनी लहानपणापासून एकट्याने बसून केलेला सराव जास्त होता, आणि तो नुसता वाजवत राहण्याचा नव्हता, अडलेली जागा हुडकून तिच्यावर बसण्याचा होता. पुढे त्यांनी हाच विचार डॉक्टरांच्या शिक्षणालाही लावला. आपल्याकडे त्याला रियाज म्हणतात आणि तुला तो येतो. हा ठेवा फार मोठा आहे, तो बोटांत नाही, सवयीत आहे.

आता डावा हात. टाका घेताना सगळ्यांचं लक्ष उजव्याकडे असतं. सुई मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांशावर धरायची, टोक कातडीवर काटकोनात टेकवायचं, मग ढकलायचं नाही, मनगट वळवायचं, म्हणजे सुई आपल्या वळणाने जाते. पण जखमेची कड नेमकी किती उचलायची, चिमट्याने कातडी न चेचता कशी धरायची, पलीकडे सुई निघाली की तिला कुणी सांभाळायचं? हे सगळं डाव्याचं. नवीन मुलांचा डावा हात उजव्याचं काम बघत बसतो. तुझा बसत नाही, हेच मॅडमनी टिपलं.

आणि डग्गा. डग्ग्यावर मनगटाजवळचा तळहात पुढे सरकवत तू घुमारा चढवतोस तेव्हा दाब किती वाढवायचा हे तुझा कान सांगतो आणि हात ऐकतो. दाब असा बारीक बारीक वाढवायची सवय ज्या हाताला आहे, त्याला मी आतड्याचा टाका लवकर देतो. आतड्याच्या कडा एकमेकींना टेकल्या की पुरे. आवळल्या तर कडेचं रक्त थांबतं, आणि सुजलेल्या आतड्यात धागा सुरीसारखा कापत जातो. पुस्तकात 'ताण न देता' एवढंच लिहिलेलं असतं. तो ताण हातालाच कळावा लागतो.

आता दुर्बिणीकडे. तिथे तबला कुठे जातो म्हणतोस. तबल्यावर बोट जिथे पडतं तिथेच बोल निघतो. दुर्बिणीत पोटाच्या भिंतीतलं छिद्र टेकू होतं, हात डावीकडे नेला की दांड्याचं टोक उजवीकडे जातं. पडदा सपाट, खोली डोळ्याला दिसत नाही. लांब दांड्यातून स्पर्श पुसट येतो. म्हणजे बोट आणि बोल यांचं नातंच उलटंपालटं झालं. तिथे तू नवा शिकाऊ आहेस, आणि तसाच बस. विशारदाचा हात घेऊन बसलास तर चिडशील.

पण शिकायची रीत तीच लाव. धागा १५ सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवू नकोस. शेपटी दोनेक सेंटिमीटर ठेव आणि ती पडद्याच्या मधोमध राहील असं बघ, कडेला गेली की हुडकण्यात जीव जातो. पहिल्यांदा गाठ मारूच नकोस. नुसती सुई उचल, तिचं टोक हव्या दिशेला वळव, ठेव. एवढाच पलटा. तो बसला की उजव्या दांड्यात लांब धागा धरून इंग्रजी 'सी'सारखा वळसा कर, डाव्या दांड्याभोवती दोनदा फिरव, सोड. मग डाव्याने शेपटी धरणं जोड. शेवटी ओढणं. दुसऱ्या फेराला हात बदलायचे, म्हणजे गाठ चपटी बसते. आणि हे करताना पढंत कर. खरंच, तोंडाने म्हण : उचल, वळव, फिरव, फिरव, धर, ओढ. लय ठायच ठेव.

मनगट आखडतं ते बहुतेक टेबल उंच असल्याने. दांड्यांच्या मुठी कोपराच्या पातळीत किंवा थोड्या खाली आल्या पाहिजेत. खांदे उचलले जात असतील तर पेटी खाली घे. खांदे वर करून तबला वाजवू दिला असता का गुरुजींनी?

बिलरोथ यांचं नाव तुला पोटाच्या सर्जरीत भेटेलच. १८८१ साली व्हिएन्नात त्यांनी जठराचा कॅन्सर झालेला भाग काढून उरलेलं जठर आतड्याला जोडलं आणि रुग्ण त्या ऑपरेशनमधून वाचला, हे जगात पहिल्यांदा. ते स्वतः पियानो आणि व्हायोला वाजवायचे, संगीतकार ब्राम्स त्यांचे जिवलग मित्र, आणि ब्राम्सनी आपल्या तंतुवाद्यांच्या दोन रचना त्यांना अर्पण केल्या आहेत. संगीत आणि सर्जरी म्हटलं की लोक हे उदाहरण पुढे करतात. पण त्या ऑपरेशनच्या आधी त्यांच्या सहायकांनी तीच गोष्ट कुत्र्यांवर करून बघितली होती, हे कुणी सांगत नाही. पियानोमुळे ते धाडस झालं नाही, त्या तयारीमुळे झालं. कुठे हात घालायचा नाही, दुर्बीण सोडून पोट कधी उघडायचं, हे कुठलंच वाद्य शिकवत नाही. ते रुग्णाजवळ उभं राहूनच येतं.

भूलतज्ज्ञ_ताई

कानाचा विषय निघाला म्हणून लिहिते, कारण ऑपरेशनभर कानाने काम करणारी मीच.

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, जी टिक-टिक सतत ऐकू येते ती पल्स ऑक्सिमीटरची. पुष्कळांना वाटतं ती फक्त नाडीची गती सांगते. तसं नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरला की प्रत्येक टिकेचा सूरही उतरतो. ९८ वर असलेला आकडा ९३ वर आला की स्क्रीनकडे न बघता सूर खाली आलेला कळतो. मी औषध भरत असते, पाठ मॉनिटरकडे असते, आणि हात आपोआप थांबतो. शिकायला येणाऱ्यांत जे गाणं-वाजवणं शिकलेत त्यांना हा उतार लवकर ऐकू येतो, असं मला वर्षानुवर्षं दिसतंय. बाकीच्यांनाही येतो, फक्त त्यांना मुद्दाम ऐकायला लावावं लागतं. मी नव्या मुलांना डोळे मिटून सूर चढला की उतरला ते सांगायला लावते.

म्हणून ओटीत गाणी लावायला माझी हरकत नसते, आवाज मोठा करायला असते. मॉनिटरचा सूर गाण्याखाली गेला तर मी गाणं बंद करायला सांगते, समोर कितीही मोठे सर्जन असोत. चाट_आणि_लव, तू टाके घालत असताना हा सूर उतरला तर मान वर कर आणि मला विचार. सर्जनने विचारलेलं मला आवडतं.

फेको_जुळेसोलापूर

डोळ्यांच्या बाजूने थोडंसं. मोतीबिंदूच्या फेको ऑपरेशनमध्ये दोन्ही हात डोळ्यात, एक पाय फेको मशीनच्या पेडलवर, दुसरा सूक्ष्मदर्शकाच्या. मशीनच्या पेडलला टप्पे असतात : थोडं दाबलं की पाणी सुरू, आणखी दाबलं की ओढ सुरू, आणखी खाली गेलं की अल्ट्रासाउंड सुरू होऊन मोतीबिंदू फुटायला लागतो. पाय अर्धा सेंटिमीटर जास्त गेला तर भिंगामागचा पातळ पडदा फाटू शकतो. ओढ किती लागली हे मशीन आवाजाने सांगतं. माझ्याबरोबर शिकलेला एक मित्र पायपेटी वाजवायचा, त्याचा पाय पहिल्यापासून शहाणा होता. एकाच मित्रावरून सिद्धांत मांडत नाही, पण हात-पाय वेगवेगळ्या कामाला लावायची भीती त्याला नव्हती एवढं नक्की.

व्हायोलिन_पूर्वभाग

मी डॉक्टर नाही. अशोक चौकाच्या बाजूला व्हायोलिन शिकवतो, घरी तेलुगू, क्लासमध्ये मराठी. तुमचं सगळ्यांचं वाचून फार बरं वाटलं, पण एक कळकळीने सांगायचंय.

तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या डाव्या हाताची बोटं मेंदूत जास्त जागा घेतात, आणि लहानपणी सुरू केलेल्यांत हा फरक जास्त असतो, असं १९९५ साली मेंदूच्या तपासणीतून दिसलं होतं. ही बातमी कुठूनतरी पालकांपर्यंत पोचते आणि मग मला विचारतात, मास्तर, मेडिकलच्या 'नीट' परीक्षेला उपयोग होईल का? मूल सहावीत असतं. अशा मुलाला सरळी स्वर धरायला सांगितले की तो घड्याळ बघतो, कारण त्याला कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी पाठवलेलं असतं. ती मुलं टिकत नाहीत. टिकतात ती, ज्यांना त्या आवाजाचंच वेड लागतं. आणि वेड लागलं तरच तो रियाज होतो ज्याचं कौतुक वर डॉक्टरसाहेबांनी केलंय. म्हणजे फायद्यासाठी शिकवलं तर फायदाच मिळत नाही. पालकांनी हे वाचावं असं मला फार वाटतं.

चाट_आणि_लव, तुम्हाला हाताबद्दल सांगतो. रात्रभर ड्युटी करून आल्यावर गार, थकलेल्या हाताने धिरधिर वाजवू नका. आधी कोमट पाण्यात हात धरा, मग हळू ठेका. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात दुखलं तर त्या दिवशी बंद. तुमचं मनगट एकच आहे आणि दोन्ही कामं त्याचीच आहेत. वडिलांना म्हणावं, झोप आधी, तबला नंतर, पण तबला बंद नाही. ऐकतील.

चाट_आणि_लव

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, वडिलांना तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. "झोप आधी" एवढंच त्यांनी दोनदा वाचायला लावलं, पण तबल्यावरचं कापड त्यांनीच काढून ठेवलं.

पेटीवाले सर, पढंत करून बघितली. पेटी खाली घेतली आणि मनगटाचं दुखणं खूप कमी झालं. 'उचल, वळव' पर्यंतच बसलोय, पुढे गेलो नाही. शेजारी बसणारा मित्र हसला, पण आता तोही म्हणतो. ताई, सूर उतरलेला काल पहिल्यांदा मला ऐकू आला, रुग्णाच्या बोटाचा क्लिप सरकला होता.

सर, एकच विचारतो. गाठीच्या हालचाली मी नकळत तीनतालात बसवायला लागलोय, सोळा मात्रांत एक गाठ आणि ओढ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. बरं वाटतं, पण खऱ्या ऑपरेशनमध्ये हीच लय अंगात राहिली तर?

पेटीवाले_डॉक्टर

बरं झालं विचारलंस, मी लिहायला हवं होतं ते राहिलं.

सम आली की हात आपोआप पुढे जातो, थांबत नाही. तबल्यात तेच हवं असतं, ऑपरेशनमध्ये तेच नको असतं. गाठ ओढता ओढता कडेला रक्ताचा थेंब दिसला, कड पांढरी पडली, भूलवाल्या ताईंनी हाक मारली, तर बाराव्या मात्रेवर थांबता आलं पाहिजे. पोटाला समेची घाई नसते. सराव चालू ठेव, पण सोळा मात्रांचं बंधन काढून टाक. ठाय लय ठेव, आवर्तन नको.

आणि कायदा मध्येच सोडायची आपल्याला सवय नसते, ती लावून घे. हसणाऱ्या त्या मित्राला कामाला लाव. तू पेटीवर असताना त्याने मनाला येईल तेव्हा "थांब" म्हणायचं. दुसऱ्या फेराच्या मधोमध असलास तरी दांडे जिथे आहेत तिथेच स्थिर धर, शेपटी सोडू नकोस, सुईचं टोक कुठे आहे ते मोठ्याने सांग, आणि त्याने "चल" म्हटल्यावर तिथूनच पुढे जा. मग पेटी त्याला दे आणि तू म्हण.